पळणाऱ्यांचं नाशिक: रनिंग ग्रुप शोधावा कसा, त्यात शिरावं कसं

जानेवारीत नाशिकला सूर्य सात-दहाच्या सुमारास उगवतो. शहरातले पळणारे त्याच्या दीड-पावणेदोन तास आधी रस्त्यावर आलेले असतात आणि कॉलेज रोडवरच्या दुकानांची शटर वर जाईपर्यंत आंघोळ उरकून कामालाही लागलेले असतात. ‘आपल्याकडे रनिंग ग्रुप आहेत तरी कुठे?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांची अडचण एवढीच असते, की ते आणि हे ग्रुप एकाच वेळी जागे नसतात. त्यामुळे शोधाची सुरुवात गजर लावण्यापासून करावी लागते. रविवारचा लावा, कारण आठवड्यातली मोठी धाव, म्हणजे ‘लाँग रन’, रविवारी असते आणि एरवी सोसायटीच्या आसपास एकेकटे पळणारेही त्या दिवशी एकत्र येतात.

ग्रुपच्या नावांची यादी इथे देत नाही. ती नावं टिकत नाहीत. एक ग्रुप वाढतो, त्यातून इंदिरानगरवाले जवळ पडतं म्हणून वेगळे निघतात, सगळं जमवून आणणाऱ्याची बदली होते, दोन ग्रुप एक होतात. मैदानं आणि रस्ते मात्र तेच राहतात, म्हणून पत्ता लक्षात ठेवायचा तो जागेचा. पहिली जागा अर्थातच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, ज्याला सगळं शहर गोल्फ क्लब म्हणतं. तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. दुसरी जागा गंगापूर रोड; आनंदवल्ली, सोमेश्वर आणि पुढे धरणाच्या बाजूला जाणारा हा पट्टा लांब पळणाऱ्यांच्या आवडीचा. पाथर्डी फाटा, सिडको, इंदिरानगर या बाजूचे लोक पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाजवळ जमतात, कारण तिथे चढ आयता मिळतो. पंचवटीकरांना हिरावाडीतलं मीनाताई ठाकरे स्टेडियम आणि तपोवन. नाशिकरोडचं सगळंच वेगळं असतं, तसं पळणंही.

मैदानावर गेल्यावर कोणाला गाठायचं, हे ओळखावं लागतं. चकरांवर चकरा जोरात मारणारी, विशीतली, घामाने निथळणारी मुलं दिसली आणि कडेला कोणीतरी घड्याळ बघून ओरडत असेल, तर ती बहुधा पोलीस भरतीची तयारी. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, आणि वेळेनुसार गुण. त्यांना थांबवून गप्पा मारू नका. कानात इयरफोन घालून एकटा जाणाराही सोडा. तुम्हाला हवी आहेत तिशीपासून पासष्टीपर्यंतची, निरनिराळ्या अंगकाठीची, पळता पळता बोलणारी आणि पळून झाल्यावर एखाद्या गाडीच्या उघड्या डिकीभोवती केळी खात उभी असलेली माणसं. डिकीजवळ जाऊन ‘तुम्ही कुठल्या ग्रुपबरोबर पळता?’ एवढं विचारलं की पुढचं काम तेच करतात. पळणाऱ्याला पळण्याविषयी प्रश्न विचारून कोणी लवकर सुटल्याचं ऐकिवात नाही.

मैदानावर जायला संकोच वाटत असेल, तर दुसरी हमखास संधी म्हणजे शर्यतीआधीचं बिब वाटप. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची, म्हणजे मविप्रची मॅरेथॉन गाजलेली आहे. इतरही लहानमोठ्या शर्यती होत असतात. बिब घ्यायला लोक एकेकटे क्वचितच येतात. एकजण दहाजणांचे घेऊन जातो, आणि ज्याच्या हातात दहा बिब आहेत तो कोणत्या तरी ग्रुपचा कामकरी माणूस असतो. त्याला गाठा. तिसरा रस्ता सायकलवाल्यांचा. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनमुळे इथे सायकलिंगची चळवळ जोरदार आहे. दरवर्षी सायकलवर पंढरपूरची वारी करणारं हे गाव. इथलेच डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे भाऊ 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण करून आले. पळणारे, सायकल चालवणारे आणि ट्रेकला जाणारे यांची नाशिकमध्ये बरीच सरमिसळ आहे. ओळखीत एक सायकलवाला असला तरी पळणाऱ्यांपर्यंत दोन फोनमध्ये पोचता येतं.

इथे एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी, कारण नवखे त्यातच बिचकतात. नाशिकचं नाव देशात झालं ते हौशी धावकांमुळे नव्हे. त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी पाड्यातली कविता राऊत, ‘सावरपाडा एक्स्प्रेस’, 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पुढे संजीवनी जाधव, मोनिका आथरे. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडलेल्या या मुली. ते जग वेगळं आहे. तिथे निवड असते, सकाळ-संध्याकाळ सराव असतो, ध्येय पदकाचं असतं. सोसायटीतल्या लोकांनी चालवलेल्या ग्रुपमध्ये निवड नसते. नाशिकमध्ये पळायचं म्हणजे एवढ्या वेगाने, असा धसका घेऊन कोणी घरी बसू नये.

तरी त्या जगाचा एक आकडा उपयोगी पडतो, ‘पेस’ समजून घ्यायला. ग्रुपमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या हा शब्द कानावर पडतो. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली, तो पेस. आकडा लहान तेवढा वेग जास्त, हे सुरुवातीला उलटं वाटतं. कविता राऊतने दिल्लीत 10 किलोमीटर पळायला 33 मिनिटं 5 सेकंद घेतली. म्हणजे पेस झाला सुमारे 3.18, तीन मिनिटं अठरा सेकंदांत एक किलोमीटर, असे सलग दहा. हौशी ग्रुपमधले बरे पळणारे सहा-साडेसहाच्या आसपास असतात. नवखा माणूस चालत-पळत आठ-नऊला जातो. जोरात चालणारा दहा-अकराला. ग्रुपवर ‘उद्या 10 के, 7.30 पेस’ असं आलं, की त्याचा अर्थ दहा किलोमीटर, सव्वा तासात. तुम्हाला झेपणार की नाही, ते मैदानावर न जाता कळतं.

पत्ता लागला, नंबर मिळाला, आता निरोप पाठवायचा. इथे लोक उगाच फुशारकी मारतात किंवा उगाच लाजतात. खरं ते लिहावं: ‘नमस्कार, मी पाथर्डी फाट्याला राहतो. वय 43. बीपीची गोळी चालू आहे. सलग पळता येत नाही, अर्धा तास जोरात चालतो. रविवारी आलो तर चालेल का?’ या निरोपाला येणारं उत्तर नीट वाचा. ‘या ना सर, मेन गेटला सव्वापाचला, अमुक मॅडम तुमच्याबरोबर असतील’ असं आलं तर डोळे मिटून जा. ‘हो, फी इतकी, तीन महिन्यांचा प्लॅन’ असं आलं, तर तो ग्रुप नसून शिकवणी आहे. शिकवणी वाईट नाही. कोच असतो, आठवड्याचं वेळापत्रक मिळतं, चुका दाखवल्या जातात. पण पैसे मोजताना काय विकत घेतोय, ते माहीत असावं. आणखी एक प्रकार म्हणजे शर्यत भरवणारे लोक महिना-दोन महिने आधी फुकट सराव धावा ठेवतात. त्या चांगल्या असतात, फक्त शर्यत संपली की त्याही संपतात. लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या ग्रुपमध्ये पैसा लागतो तो पाण्याच्या कॅनला, केळ्यांना, वर्षाकाठी एखाद्या टी-शर्टला. तो वर्गणीने जमतो, आणि हिशेब ग्रुपवर टाकणारा खजिनदार असेल तर ग्रुप बरा चाललाय म्हणून समजावं.

शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. तो साधारण असा असतो: ‘उद्या रिपोर्टिंग 5.15, गोल्फ क्लब मेन गेट. वॉर्म-अप 5.20. 5.30 ला शार्प निघणे. रूट गंगापूर रोड, सोमेश्वर यू-टर्न. पाणी आनंदवल्ली व सोमेश्वर. येणाऱ्यांनी नाव टाका.’ खाली नावांची साखळी वाढत जाते, प्रत्येकजण आधीची यादी कॉपी करून आपलं नाव जोडतो. नाव टाकण्याचा कंटाळा करू नका. पाणी त्या यादीवरून मोजलं जातं आणि शेवटी कोण परत आलं, कोण नाही, हेही त्यावरूनच ताडलं जातं. 5.30 म्हणजे साडेपाचच. लग्नाच्या मुहूर्ताला अर्धा तास उशिरा पोचणारा नाशिककर इथे मिनिटाला जागतो, याचं मलाही कोडं आहे.

पहिल्या रविवारी घडतं ते असं. अंधारात वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी. कोणीतरी नव्यांची ओळख करून देतो. त्यात निम्मे डॉक्टर निघतात, उरलेल्यांत कारखान्यांतले इंजिनीअर, शिक्षक, सीए, एखादी बँकेतली ताई, एखादे निवृत्त काका जे सगळ्यांत पुढे पळतात. मान, खांदे, कंबर, घोटे असे सांधे मोकळे करतात. मग माणसं मोजतात. मग वेगाप्रमाणे दोन-तीन तुकड्या पडतात आणि निघतात. इथे एक गोष्ट बारकाईने बघा: सगळ्यात मागच्या माणसाबरोबर कोण आहे?

ग्रुप पारखायचा तर माझ्या लेखी ही एकच खूण पुरे. पुढचे तर कुठेही पळतील, त्यांना ग्रुप लागतोच असं नाही. ग्रुप लागतो तो मागच्याला. चांगल्या ग्रुपमध्ये एक अनुभवी माणूस त्या दिवशी आपली धाव बाजूला ठेवून शेवटच्याबरोबर चालत-पळत येतो, आणि ही पाळी ठरलेली असते. यू-टर्नवरून परतणारे पुढचे लोक मागच्यांना समोरासमोर भेटतात, हात उंचावतात; ‘जाऊन परत’ असा मार्ग ठेवण्याचं कारणही तेच, की कोणी कितीही हळू असला तरी वाटेत एकटा पडू नये. शेवटचा परत येईपर्यंत फोटो काढत नाहीत. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 रोजी 13 जणांनिशी सुरू झालेली ‘पार्करन’ नावाची दर शनिवारची फुकट 5 किलोमीटरची धाव आज अनेक देशांत पसरली आहे. त्यांनी तर ही गोष्ट नियमातच बसवली. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालतो, म्हणजे शेवटून पहिला येण्याची धास्ती उरतच नाही. आपल्याकडे ग्रुपमध्ये लेखी नियम नसतात, त्यामुळे डोळ्यांनी बघावं लागतं. पहिल्याच दिवशी सगळे पुढे निघून गेले आणि तुम्ही आनंदवल्लीला एकटे उरलात, तर पुढच्या रविवारी दुसरं फाटक धरा.

मागे राहण्याची भीती असणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची सुमारे 20 किलोमीटरची फेरी रात्रीतून, पावसात, चिखलातून घालणारे हजारो लोक याच जिल्ह्यातले. त्यातला बराचसा वर्ग पाच किलोमीटर पळायचं म्हटलं की हात टेकतो. त्याचं कारण फक्त वेग. नवखा माणूस पहिल्याच मिनिटाला भरतीतल्या मुलासारखा सुटतो आणि तिसऱ्या मिनिटाला कडेला बसतो. बरोबरच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्याच वेगाने जायचं. वाक्य तुटायला लागलं की चालायचं. दोन मिनिटं पळून एक मिनिट चालणं, पुन्हा पळणं, ही पद्धत अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी जगभर रुजवली आणि हे गृहस्थ 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये 10,000 मीटर धावलेले आहेत. तेव्हा मधे चाललं तर पळणं मोडलं, असं मानायचं कारण नाही.

अंधाराचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नये. जानेवारीत साडेपाचला निघालेला माणूस तासाहून अधिक काळ अंधारातच असतो. काळे कपडे घालून गंगापूर रोडवर पळणं म्हणजे भाजीच्या गाड्यांना आमंत्रण. चमकणारी पट्टी असलेलं जाकीट, कपाळावर टॉर्च, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने पळणं. दोघांपेक्षा जास्त जण आडवे पळत नाहीत. कानात इयरफोन नकोत. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागायचं, हात हलवायचे नाहीत. बहुतेक वेळा ती पळण्याच्या मागे लागतात. आणि बिबट्या. गंगापूर रोड, सावरकरनगर या बाजूला बिबट्या येऊन गेल्याच्या बातम्या नाशिककरांना नव्या नाहीत. गोदाकाठची झाडी, जवळचे उसाचे मळे आणि भटकी कुत्री असली की तो येणारच. बातमी आली की शहाणे ग्रुप दोन-चार आठवडे मार्ग बदलतात, उजाडल्यावर निघतात, मळ्यांच्या कडेचे रस्ते टाळतात. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या अ‍ॅडमिनपासून जरा लांब राहावं. त्र्यंबक रोडचंही तसंच: श्रावणी सोमवार आणि पौषातली निवृत्तीनाथांची यात्रा या दिवसांत तो रस्ता भाविकांचा असतो, तिथे आपण पळायला जाऊ नये. सिंहस्थ जवळ आला की शहरभर रस्त्यांची कामं निघतात, तेव्हाही मार्ग दर आठवड्याला विचारून घ्यावा.

बायकांना यातलं आणखी बरंच बघावं लागतं. पहाटे पाचला घरातून एकटीने निघायचं, दुचाकी कुठे लावायची, वाटेत स्वच्छतागृह कुठे, हे प्रश्न पुरुषांच्या ग्रुपमध्ये कोणाला सुचतही नाहीत. म्हणून ज्या ग्रुपमध्ये आधीच पाच-सहा जणी नियमित आहेत तो निवडावा आणि आधी त्यांच्यापैकी एकीशी बोलावं. एकाच बाजूला राहणाऱ्या दोघी-तिघी मिळून येतात, मार्ग पेट्रोल पंप किंवा उघडं हॉटेल लागेल असा ठेवतात, हे सगळं त्या एका फोनमध्ये कळतं. फक्त बायकांचे ग्रुपही असतात. वेग कमी ठेवून गप्पा जास्त असल्याने नवखीला ते सोपे जातात.

तब्येतीचं थोडक्यात. चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगर असेल, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल, तर सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत म्हणून तपासणी टाळू नका. ते तिथे पळायला आलेले असतात. रक्तगट आणि घरच्यांचा नंबर ग्रुपकडे द्या. छातीत जड वाटलं, चक्कर आली, तर थांबा आणि सांगा. बुटांवर पैसे खर्च करा, बाकी कशावर नको. घड्याळ तर मुळीच नको, निदान सहा महिने.

पळून झाल्यावरचा भाग नाशिकमध्ये कार्यक्रमपत्रिकेत नसतो, पण चुकतही नाही. स्ट्रेचिंग होतं, फोटो होतो, आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी गाड्या मिसळीकडे वळतात. गंगापूर रोडच्या बाजूला असलात तर बारदान फाट्यावरची साधनाची चुलीवरची मिसळ. जितकी ऊर्जा खर्चली तितकी तर्रीसकट परत घेतली जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही मिसळ चुकवू नका. ओळखी तिथे होतात. पळताना ज्यांच्याशी चार वाक्यं झाली, त्यांच्याबरोबर पाव मोडताना कळतं की कोणाचा गुडघा कशाने बरा झाला, कोणता बूट घेऊ नये, आणि पुढच्या महिन्यात साताऱ्याला कोण कोण चाललंय.

सातारा म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरचा घाट चढून जाणारी 21 किलोमीटरची शर्यत. तीही साताऱ्यातल्या पळणाऱ्यांनीच एकत्र येऊन 2012 साली सुरू केली. आता महाराष्ट्रभरचे ग्रुप गाड्या करून जातात. ती पावसाळ्याच्या शेवटाला, मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. या दोन खुंट्यांवर इथल्या ग्रुपचं वर्ष टांगलेलं असतं. त्यामुळे ग्रुपमध्ये शिरायची बरी वेळ जून-जुलै. पाऊस पडून हवा थंड झालेली असते, सगळ्यांचीच सुरुवात कमी अंतरापासून होते, हळू पळणाऱ्यांची तुकडी नव्याने बांधली जाते. डिसेंबरमध्ये आलात तर सगळे पंचवीस-तीस किलोमीटरच्या गोष्टी करत असतात आणि तुमच्याकडे लक्ष द्यायला कोणाला फुरसत नसते. एप्रिल-मे तापतो, गर्दी पांगते. पण सूर्य सहाच्या सुमाराला उगवत असल्याने साडेपाचला दिसायला लागलेलं असतं आणि जे थोडे येतात त्यांना शिकवायला वेळ असतो. अगदीच शून्यातून सुरू करणाऱ्याला तोही काळ वाईट नाही.

तीन-चार महिने नियमित गेलात की शनिवारच्या निरोपात ‘पाणी:’ या शब्दापुढे एक दिवस तुमचं नाव येईल. काम असं असतं. आदल्या रात्री दोन कॅन भरून घ्यायचे, लिंबू-मीठ-साखर वेगळं न्यायचं, खजूर किंवा चिक्की. स्टीलचे पेले घरचे. कागदी पेले वाऱ्याने गंगापूर रोडभर उडतात आणि मग ते वेचायलाही तुम्हीच. पहिली तुकडी सोमेश्वरला पोचण्याआधी दहा मिनिटं तिथे हजर राहायचं. आणि पुढचे लोक पिऊन गेले म्हणून कॅन उचलायचा नाही, मागून अजून कोणीतरी येत असतं.